विमानात १६ तास: त्वचा उलू नये म्हणून नेमकं काय लावायचं?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. जानेवारीत आई-वडील मुंबईहून न्यूयॉर्कला निघताहेत, थेट विमान, साधारण १६ तास. त्याआधी जळगाव ते मुंबई रेल्वे. आई ६१ वर्षांची, चेहरा आणि नडग्या कोरड्या, थंडीत पोपडे निघतात. वडील ६६, मधुमेह आहे, टाचांना भेगा. विमानात त्वचा सुकते ती नेमकी कशाने? घरचं खोबरेल आणि गुलाबपाणी पुरेल का? हातातल्या बॅगेत काय, किती आणि कशात न्यायचं? 'भरपूर पाणी प्या' याच्या पलीकडचं सांगा.

केळीबाग (रावेर)

ताई, आधी कारण बघू. ३५,००० फुटांवर बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते. इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा आत घेऊन २२-२४ अंशांवर आणतात. म्हणजे आत जो काही ओलावा असतो तो बराचसा प्रवाशांच्या श्वासाचा आणि घामाचा. लांबच्या प्रवासात केबिनची आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर येते. महागड्या वर्गात माणसं विरळ, म्हणून तिथली हवा उलट आणखी कोरडी!

आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी साधारण असाच कोरडेपणा असतो. पण तेव्हा ऊन आणि घसा दोघंही बजावतात. विमानात गार वाटतं, घाम दिसत नाही, म्हणून सात-आठ तास काही जाणवत नाही. मग जांभई देताना गाल ताणला जातो आणि ओठाचा कोपरा चिरतो.

त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी उडतंय, ते अडवायचं. त्यासाठी दोन प्रकारच्या वस्तू लागतात. एक पाणी धरून ठेवणाऱ्या: ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, युरिया. दुसऱ्या झाकण घालणाऱ्या: पेट्रोलियम जेली, लॅनोलिन, डायमेथिकोन. नुसतं पहिल्या प्रकारचं सीरम लावून बसलं तर ते भांडं उघडं ठेवल्यासारखं आहे. गुलाबपाण्याचा फवारा म्हणजे शेवटी पाणीच. पाच मिनिटं गार वाटतं, मग ते उडतं आणि त्वचा होती तिथेच. गुलाबपाणी घरी ठेवा.

क्रम असा:

रेल्वेची धूळ अंगावर असतेच, म्हणून मुंबई विमानतळावर चेहरा कोमट किंवा साध्या पाण्याने धुवा. तिथला हातांचा साबण चेहऱ्याला नको. मऊ रुमालाने टिपायचं, घासायचं नाही. चेहरा दमट असतानाच ग्लिसरीन किंवा सिरामाइड असलेलं जाडसर, बिनवासाचं क्रीम लावा. दोन मिनिटांनी गालाची हाडं, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ एवढ्यावरच पेट्रोलियम जेली, सगळी मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढी. जास्त लावली की चेहरा चिकट होतो, मग माणूस पुसून टाकतो आणि केलेलं वाया जातं.

हे सगळं विमानात चढण्याच्या अर्धा तास आधी. उड्डाणानंतर तासाभरात हवा कोरडी पडते, त्याआधी झाकण बसलेलं हवं.

आत गेल्यावर दर पाच-सहा तासांनी, जेवण झाल्यावर लक्षात राहतं म्हणून तेव्हा, सुती रुमाल बाटलीतल्या पाण्याने ओला करून चेहऱ्याला लावा आणि लगेच क्रीम. डोक्यावरच्या वाऱ्याच्या तोटीचं तोंड गुडघ्यांकडे वळवा. थेट चेहऱ्यावर आली तर बाकी सगळं फुकट.

सातपुडा७२ (शिरपूर)

बॅगेचं गणित मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त वस्तू तिथेच फेकल्या जातात.

हातातल्या बॅगेत प्रत्येक द्रव, जेल, क्रीम १०० मिलीपर्यंतच्या डबीत. डबीवर छापलेला आकडा बघतात, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलीच्या बाटलीत बोटभर लोशन असलं तरी ती बाजूला काढतात. सगळ्या डब्या मिळून एका १ लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत.

किती लागतं? बोटाच्या पहिल्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून एक रेघ काढली की अंदाजे अर्धा ग्रॅम होतं. चेहरा आणि मान यांना अडीच रेघा, म्हणजे सव्वा ग्रॅम. तीन वेळा लावलं तर चार ग्रॅमच्या आत. दोन्ही हातांच्या पंजांना मिळून दोन रेघा, एक ग्रॅम. हात सारखे धुतले जातात म्हणून सहा वेळा धरा, सहा ग्रॅम. नडग्यांना एकदा तीन-चार ग्रॅम. एका माणसाला ३० ग्रॅमची एक ट्यूब आणि जेलीची लहानात लहान डबी पुरून उरते. बाकीचं मोठं चेक-इनच्या सामानात.

ट्यूब का फुटतात? केबिनमधला दाब जमिनीवरच्या जवळपास तीन चतुर्थांश होतो, त्यामुळे डबीत अडकलेली हवा एक तृतीयांशाने फुगते आणि क्रीमला बाहेर ढकलते. म्हणून ट्यूब दाबून हवा काढा आणि मग टोपण लावा. पंपाची बाटली नेऊच नका. ड्रॉपरची बाटली नेलीच तर गळ्यापर्यंत भरलेली हवी आणि आत उघडताना उभी धरून उघडा.

वाटेत विमान बदलणार असाल तर मुंबईत सुरक्षा तपासणीनंतर घेतलेली पाण्याची बाटली दुसऱ्या तपासणीत जाते. रिकामी बाटली मात्र कुठेही चालते.

भुसावळ जंक्शन

खोबरेल पुरेल का, हे विचारलेलं राहूनच गेलं भो. आंघोळीनंतर ओल्या अंगावर हातापायांना लावलं तर काम करतं. झाकण म्हणून पेट्रोलियम जेलीची बरोबरी होत नाही हे खरं. पण एक अडचण आहे: खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. विमानात ते दाटेल आणि न्यूयॉर्कच्या जानेवारीत अरुंद तोंडाच्या बाटलीतून थेंबही येणार नाही. रुंद तोंडाच्या डबीत भरा. गोठलेलं असलं तरी तपासणीत ते द्रवातच धरतात.

मोहरीचं तेल नको, झोंबतं. ऑलिव्हचंही नको, त्यातलं ओलेइक आम्ल त्वचेच्या वरच्या थरातली स्निग्ध बांधणी सैल करतं. शेंगदाण्याच्या तेलातही ते भरपूर असतं. ते शेवभाजीतच बरं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी पार्लर नको. ब्लीच, फेशियल, वॅक्सिंग निदान तीन दिवस आधी उरकायचं, नाहीतर सोललेल्या त्वचेवर कोरडी हवा बसते आणि क्रीमसुद्धा चरचरतं. रेटिनॉल किंवा सुरकुत्यांचं क्रीम लावत असतील तर चार रात्री आधी बंद. नवीन क्रीम आणलं तर आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. वडिलांनी दाढी आदल्या रात्री करावी, तुरटी आणि अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह टाळून.

पांझराकाठ (धुळे)

पायांबद्दल अजून कोणी बोललं नाही, आणि मधुमेहात तीच खरी काळजीची जागा.

टाचांचं काम आजपासून. रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुवायचे, पाणी किती गरम ते कोपराने बघायचं, कारण मधुमेहात तळव्याला चटका कळेलच असं नाही. टिपून १० टक्के युरियाचं क्रीम टाचांना, वर सुती मोजे. भेग उघडी असेल, रक्त किंवा पाणी येत असेल तर युरिया झोंबतो. तिथे नुसती पेट्रोलियम जेली लावा आणि निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ब्लेडने कातडी तासणं पूर्ण बंद. बोटांच्या बेचक्यांत क्रीम अजिबात नाही, तिथे ओल साचून बुरशी होते.

बसून बसून पाय सुजतात, तेव्हा बुटाची कड आणि मोज्याचा घट्ट पट्टा दोन्ही रुततात. त्वचा कोरडी असली की तिथे लगेच घासलं जातं. सैल पट्ट्याचे सुती मोजे, नाडी सैल करता येईल असे बूट, तासाभराने एक फेरी. दाबाचे मोजे १५-२० मिमी पारा इतक्या दाबाचे मिळतात, पण मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा कमी असू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अनवाणी संडासात जायचं नाही. खाली सांडलेलं पाणीच असेल याची खात्री नसते.

पाणी: दर तासाला पाऊण-एक पेला ठीक आहे, घसा आणि डोकं बरं राहतं. गाल त्याने ओले होत नाहीत. वडिलांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांचंच.

तापीकाठ (जळगाव)

खूप उपयोगी. तीन उरले: खिडकीशी बसायचं तर सनस्क्रीन लागेल का? सॅनिटायझरने हात फार सुकतात, त्याचं काय? आणि आईचं नाक आतून कोरडं पडून रक्त येतं.

केळीबाग (रावेर)

विमान रात्री निघत असेल तर सनस्क्रीन नको. दिवसा खिडकीतून ऊन येत असेल तर खिडकी बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी खिडकी अडवते, यूव्हीए काही प्रमाणात आत येऊ शकतात. उघडीच ठेवायची असेल तर एसपीएफ ३०, यूव्हीए अडवणारं, क्रीमच्या वर. काही विमानांत खिडकीला झडप नसते, बटणाने काच काळी होते.

सॅनिटायझर हातांवर पूर्ण वाळू द्या, मग क्रीम. ओल्या सॅनिटायझरवर क्रीम चोळलं की दोन्ही कामं अर्धवट. साबणाने धुतले तर टिपून लगेच.

नाकासाठी मिठाच्या पाण्याचा नेझल स्प्रे, दोन-तीन तासांनी एक-एक फवारा. जेली नाकपुडीच्या कडेला चालते, आत खोलवर कोंबू नका, ती श्वासातून खाली जाऊ शकते. रक्त थांबत नसेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. लेन्स लावत असतील तर विमानात चष्मा.

तिकडे उतरल्यावर बाहेर थंडी आणि घरात हीटर, म्हणजे पुन्हा कोरडी हवाच. पहिली आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची, आणि टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत क्रीम. कढत पाण्याचा मोह तिथेच होतो.

तापीकाठ (जळगाव)

ओठांना कांडी घेऊ की डबी? आईला स्ट्रॉबेरीवाली आवडते.

भुसावळ जंक्शन

कांडी घ्या, तपासणीत सहसा द्रवात धरत नाहीत आणि हात न धुता डबीत बोट घालावं लागत नाही. स्ट्रॉबेरीची मात्र नको. गोड लागते, म्हणून ओठ चाटले जातात. लाळ उडाली की ओठ आधीपेक्षा जास्त फुटतात. मेन्थॉल-कापूरवालीही नको. साधी, बिनवासाची, आणि ती बॅगेत वरच्या डब्यात न ठेवता आईच्या पर्समध्येच असू द्या.