मदत हवी आहे : विटीदांडूतले आकडे आणि निहाली

राम राम मंडळी, मी कोल्हापूरचा. लहानपणी विटीदांडू खेळताना आम्ही 'वकट, लेंड, मुंड, नाल' असं मोजायचो. हे एक-दोन-तीन नव्हे, एवढंच कळायचं. तेलुगूतलं ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ऐकलं तेव्हा उलगडा झाला. गडहिंग्लजकडं कानडीतलं एरडु, मूरु, नाल्कु रोज कानावर पडतं, तरी डोक्यात कधी आलं नव्हतं बघा!

आता निहाली भाषेत अडकलोय. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडं बोलणारे जेमतेम काही हजार लोक, आणि ही भाषा कुठल्याच कुळात बसत नाही. तिच्यात दोन म्हणजे इरार, तीन मोठो, चार नालो. हे द्राविडी वळणाचे. पाचापासून पुढं मात्र मराठी-हिंदीचेच आकडे. गंमत म्हणजे शेजार कोरकूंचा, ते एक-दोनला मिया, बारी म्हणतात; पण निहालीचे आकडे त्यांच्यावर गेले नाहीत.

मला हवंय ते असं: जामोदकडचं कुणी असेल तर घरातली म्हातारी माणसं शेळ्या, पैसे, दिवस कसे मोजतात? बोटांच्या पेरांवर, की विसाच्या हिशोबानं? आपल्याकडं कडब्याचा पाचुंदा मोजतात तसा काही गठ्ठा तिकडं आहे का? आणि इथल्यांनो, तुमच्या गावात 'नाल'च्या पुढं काय म्हणायचे? आमच्या गल्लीत त्यावरूनच भांडणं व्हायची. जमल्यास आवाज रेकॉर्ड करून पाठवा, लिहिताना उच्चार हमखास बिघडतो.