मदत हवी आहे: आवाज थांबले, पण भाऊ अजून पूर्वीसारखा नाही

धाकटा भाऊ, वय २९. चार वर्षांपूर्वी सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) झाला. कानात आवाज, संशय हे पहिल्या सहा महिन्यांत ओसरलं, नंतर एकदाही उलटलं नाही. डॉक्टरांच्या लेखी तो बरा आहे. घरात मात्र ब्रशला पेस्ट लावून वीस मिनिटं बेसिनपाशी नुसता उभा असतो.

ओलान्झापिन (सायकोसिसवरची गोळी) १० मिग्रॅ रोज रात्री, नियमित. वजन १४ किलो वाढलंय. साखर, थायरॉइड, बी-१२ नॉर्मल. दारू, गांजा काही नाही. दिवसाचं वेळापत्रक करून पाहिलं, दोन आठवडे टिकलं. डेटा एन्ट्रीचं काम तिसऱ्या महिन्यात सुटलं. काम येत होतं, पण सूचना परतपरत विचाराव्या लागायच्या आणि त्याचीच त्याला लाज वाटायची. (आळशी आहे, असं कृपया लिहू नका. ते नातेवाइकांनी सांगून झालंय.)

औषध आपल्या मनाने कमी करणार नाही, त्यातला धोका माहीत आहे. पण ही मरगळ आजाराच्या निगेटिव्ह लक्षणांची (म्हणजे इच्छा, उत्साह, बोलणं कमी होणं), गोळीच्या गुंगीची की नैराश्याची, हे कळत नाही. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. पुढच्या महिन्यात अपॉइंटमेंट आहे, जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात.

ज्यांनी हे स्वतः किंवा घरात अनुभवलंय त्यांना विचारतो: डॉक्टरांना हा फरक ओळखता यावा म्हणून तुम्ही कोणत्या नोंदी ठेवून नेल्या होत्या? आणि कॉग्निटिव्ह रेमेडिएशन (लक्ष, स्मरणशक्ती सुधारायचे सराव) किंवा कामाच्या जागी मदतीला येणारा जॉब कोच, यातलं नोकरी टिकायला प्रत्यक्षात काय उपयोगी पडलं?