कर्बल स्पेस प्रोग्राम: वहीत गणित नसेल तर उड्डाण नाही. पटतं का?

पैनगंगाकाठ
आमच्या गावच्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे, त्यावर हा खेळ टाकलाय. नेट लागत नाही, म्हणून इथे चालतो. रॉकेट बांधायचं, कर्बिन नावाच्या छोट्या ग्रहावरून उडवायचं, त्याच्या मुन या चंद्रावर उतरवायचं आणि परत आणायचं. आठवी-नववीची पोरं रांग लावून असतात, आणि लाइट गेली की सगळं ठप्प. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याच्या वहीत मोहिमेचं गणित नाही, त्याला खुर्ची नाही.

पोरं काय करतात, इंधन कमी पडलं की आणखी टाक्या जोडतात. वजन वाढतं, खालचं इंजिन उचलत नाही, मग बाजूला बूस्टर. त्यात अख्खी पाळी जाते. वहीत हेच पाच मिनिटांत दिसतं. खेळातल्या टेरियर इंजिनाचा निर्वातातला विशिष्ट आवेग, म्हणजे इंजिन इंधन किती पुरवून वापरतं त्याचं माप, 345 सेकंद. त्याला 9.81 ने गुणलं की साधारण 3,384 मीटर प्रति सेकंद, हा इंजिनातून वायू बाहेर पडायचा वेग. भरलेलं यान रिकाम्याच्या दुप्पट वजनाचं असेल तर 2 चा नैसर्गिक लॉग 0.693, त्याने 3,384 ला गुणलं की डेल्टा-व्ही 2,345 मीटर प्रति सेकंद. एकूण एवढाच वेग बदलता येणार.

आता खर्च धरा, तोही मीटर प्रति सेकंदातच. कर्बिनच्या खालच्या कक्षेतून मुनकडे निघायला 860, मुनच्या कक्षेत शिरायला 310, उतरायला 580, वर यायला 580, घराकडे निघायला 310. बेरीज 2,640. म्हणजे यान उतरेल, उठेल, मुनच्या कक्षेत पोचेल आणि हाताशी 15 मीटर प्रति सेकंद उरतील. अंतराळवीर तिथेच अडकला. हे उडण्याआधी कळायला नको?

तूर_कापूस
भाऊ, नाही पटलं. पोट्टे खेळाले आले अन् तुम्ही त्याइले पेपर देऊन राहिले. नववीच्या पोट्ट्याले लॉग कुठून येईन?

अन् तो अडकलेला अंतराळवीर, तोच त खरा मास्तर हाय. त्याले आणाले दुसरं यान पाठवा लागते. मंग पोट्ट्याले समजते का पुढच्या यानाले गाठाचं त त्याच्याकडं तोंड करून इंजिन पेटवून भागत नाही. वेग वाढवला का कक्षा उंच होते अन् आपण मागंच पडतो. खालच्या कक्षेत उतरा लागते, तिथं फेरी लवकर होते, तवा गाठ पडते. हे वहीत लिहून कोणाच्या डोक्यात शिरलं हाय काय? लाइट कमी असते म्हणूनच म्हंतो, जेवढी हाय तेवढी उडवाले द्या.

शेगाव_रोड
मी तिसरीच बाजू मांडतो. मेकजेब टाका. तो मॉड, म्हणजे खेळात वरून टाकायची जोड, यान स्वतः कक्षेत नेतो, स्वतः उतरवतो. याला लबाडी म्हणणाऱ्यांना विचारतो, 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा कोणी जॉयस्टिक धरली होती का? सुमारे 30 किलोमीटर उंचीवरून खालपर्यंत यानाने स्वतःच निर्णय घेतले. खरी मोहीम म्हणजे आखणी. हाताने यान सरळ धरणं ही बोटांची कसरत आहे, त्यात पोरांची पाळी का घालवायची?

पैनगंगाकाठ
@शेगाव_रोड, विक्रमला काय करायचं ते आधी कोणीतरी गणित करूनच शिकवलं ना? मेकजेबमध्ये ते गणित दुसऱ्याने केलेलं असतं, पोराला नुसतं बटण मिळतं.

चांद्रयान-3 चंच घ्या. 14 जुलैला उडालं आणि चंद्राकडे निघालं 1 ऑगस्टला. मधल्या काळात पृथ्वीजवळून जाताना थोडं थोडं इंजिन पेटवून कक्षा लांबवत नेली. यानाचं इंजिन लहान, एका दमात तेवढा धक्का देता येत नाही, आणि ग्रहाजवळ वेग जास्त असताना जाळलेलं इंधन जास्त ऊर्जा देतं. खेळात लहान इंजिन लावून हेच करता येतं. पण कुठे आणि किती वेळ पेटवायचं हे ठरवून बसलेल्यालाच.

@तूर_कापूस, लॉग येत नाही हे खरं. म्हणून भिंतीवर तक्ता लावायचा: वजन दीडपट तर 0.405, दुप्पट तर 0.693, चौपट तर 1.386. गुणाकार तर येतो ना? शिवाय या तक्त्यात फार मोठी गोष्ट दिसते. डेल्टा-व्ही दुप्पट हवा असेल तर भरलेल्या-रिकाम्या वजनाचं गुणोत्तर दुपटीवरून चौपटीवर न्यावं लागतं. नुसत्या टाक्या वाढवून का भागत नाही, ते पोरगं स्वतः बोट ठेवून सांगेल.

वैनगंगेपलीकडे
मी सिंदेवाहीकडचा. तुमच्या कोणाच्याच हिशेबात शेवटचा टप्पा नाही. इंधन संपल्यावर कक्षेत सोडलेलं रॉकेटच्या टप्प्याचं ते रिकामं धूड कुठे जातं?

2 एप्रिल 2022 ला रात्री आकाशातून जळत्या रेषा गेल्या आणि आमच्या तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटच्या टप्प्याचा तो भाग असावा असा जाणकारांचा अंदाज होता. गावात माणसं होती, गुरं होती. कोणाच्या अंगावर पडलं नाही, एवढंच.

आणि खेळ इथे चुकीचं शिकवतो. कर्बिनचं वातावरण 70 किलोमीटरवर एकदम संपतं. 71 वर सोडलेला टप्पा कधीच खाली येत नाही. खऱ्या पृथ्वीवर विरळ हवा शेकडो किलोमीटरपर्यंत ओढत राहते, आणि कधी, कुठे पडेल ते सांगता येत नाही. वही ठेवायचीच तर हा रकाना पहिला घाला.

तूर_कापूस
हा रकाना मले मान्य. लाडबोरीचं कडं आमच्या इकडंबी सगळ्याइनं मोबाइलवर पाह्यलं होतं, पोट्ट्याइले लगेच समजन. पण वही दुसऱ्या महिन्यापासून. पह्यल्या महिन्यात जेवढे रॉकेट फुटतीन तेवढे फुटू द्या. याच्यावर मी हटत नाही.

पैनगंगाकाठ
महिना फार झाला, आठवडा देतो.

@वैनगंगेपलीकडे, रकाना घातला. आकडाही काढला: 80 किलोमीटरच्या गोल कक्षेतून कक्षेचं एक टोक 20 किलोमीटरवर, म्हणजे टप्पा हवेत शिरून खाली येईल असं, आणायला साधारण 53 मीटर प्रति सेकंद लागतात. 2,640 च्या हिशेबापुढे हे काहीच नाही. फक्त टप्प्यावर स्वतंत्र प्रोब कोर (अंतराळवीर नसताना हुकूम घेणारा भाग) आणि बॅटरी हवी, नाहीतर यान सुटल्यावर त्याला हुकूम देता येत नाही.