मदत हवी आहे: आंब्याच्या घाईत डोकं शांत कसं ठेवता?

देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. मे महिन्यात वाशीची गाडी दारात उभी, पेट्यांत पेंढा घालायचा बाकी, फोन वाजतोय आणि समुद्राकडून आभाळ भरून येतंय, अशा वेळी छातीत धडधडतं, हात थरथरतात. डागी आंबा कुठला, चांगला कुठला, तेही सुधरत नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे माहीत आहे. रात्री अंथरुणावर जमतंही. पण चार गडी एकदम विचारायला लागले की आठवतच नाही! बागायतदार ताई-दादांनो, हातातलं काम न थांबवता तुम्ही स्वतःला कसं सावरता? लहानशी सवय असली तरी सांगा. आई आता थकली आहे, माझा ताण तिच्यापर्यंत पोचू नये असं फार वाटतं.