गोल्फमध्ये शेवटच्या होलांवर हात आखडतात, तीन फुटांचा पुट (बॉल कपात घालायचा हलका फटका) जात नाही, मदत हवी आहे

कॅम्पातला_पुटर: लवकर सांगा कुणीतरी, रविवारी मॅच हाय. सरावाला तीन फुटांचा पुट डोळे झाकून घालतो, पण कार्डावर स्कोअर लिहायचा असला आणि शेवटचे दोन-तीन होल उरले की मनगटं आखडतात आणि बॉल कडेनं निघून जातो. यूट्यूबवरचं सगळं करून झालंय, 'रिलॅक्स राहा' सांगणाऱ्यांनी लांबच राहावं.

निपाणीचा_नाना: डावीकडं जातो का उजवीकडं? का आखूड पडतो? हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) किती? ग्रीनवर (कपाभोवतीच्या गवतावर) खेळतोस का ब्राउनवर (वाळूच्या)? काहीच लिहिलं नाहीस, आम्ही काय ओळखायचं?

कॅम्पातला_पुटर: बहुतेक उजवीकडं. हँडिकॅपचा काय संबंध, घाबरल्यावर सगळे सारखेच की.

ग्रिपवाला: क्लॉ ग्रिप कर, खालच्या हातानं पंजासारखं धरायचं, माझी थरथर त्यानंच गेली. नाहीतर लांब पुटर (पुट मारायची काठी) घे, छातीला टेकवून मारायचा.

जुना_गडी: टेकवून मारायला 2016 पासून बंदी हाय साहेब. लांब पुटर चालतो, टेकवलेला नाही. आणि मॅचच्या आठवड्यात ग्रिप बदलायला सांगणारा काय मित्र म्हणायचा?

ग्रिपवाला: क्लॉला बंदी नाही ना? मग झालं.

टिळकवाडीची_रोखपाल: मी बँकेत कॅश काउंटरला बसते, गोल्फ हल्लीच चालू केलंय. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनवाल्यांची रांग दाराबाहेर जाते, मागून कोणीतरी "मॅडम आवरा की" म्हणतंय, तेव्हाच नोटा चुकतात. सीनियरनी शिकवलेलं एवढंच की रांग वाढली म्हणून मोजायची पद्धत बदलायची नाही, आणि मध्ये कोणी बोललं तर गठ्ठा खाली ठेवून पहिल्या नोटेपासून. पुटला मी तेच करते. मागून लाइन बघायची, एक सराव स्विंग, श्वास सोडायचा, मारायचं. मध्येच कोणाचा फोन वाजला तर बाजूला होऊन परत पहिल्यापासून.

जुना_गडी: असं दरवेळी पहिल्यापासून केल्यावर मागचा ग्रुप शिव्या घालील. 40 सेकंदात शॉट मारावा असं नियमातच सुचवलंय.

टिळकवाडीची_रोखपाल: त्यात आरामात बसतं, घड्याळ लावून बघा. उलट घाबरलेला माणूसच घाई करतो.

खानापूरकर: मोठ्यांचं पण होतंय हो. 1999 ला स्कॉटलंडच्या कार्नूस्टीला फ्रान्सचा व्हान डे व्हेल्ड शेवटच्या होलवर तीन शॉटची आघाडी घेऊन आला, सहा मारले असते तरी ब्रिटिश ओपन त्याची होती. टीवर (होलचा पहिला फटका मारतात तिथं) ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) काढला, पुढं एक बॉल ओढ्यात, झाले सात, बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये गेली. तिथं हात नव्हते चुकले, डोकं चुकलं.

ग्रिपवाला: धागा पुटचा हाय, ड्रायव्हरचा नव्हे.

निपाणीचा_नाना: पण मुद्दा बरोबर हाय. दरवेळी तीन फूट उरतातच का? म्हणजे लांबचा पुट नीट जात नसणार. आणि रविवारची मॅच नक्की कुठं?

कॅम्पातला_पुटर: बेंगळुरूला. शनिवारी रात्रीच्या बसनं निघालोय, सकाळी लवकर टी ऑफ. जोडीला आमचे साहेब हायत.

जुना_गडी: अरे देवा. हे आधी नाही सांगायचं?

निपाणीचा_नाना: तिथल्या ग्रीनचा वेग तुझ्या सरावाच्या ग्रीनसारखा असेल कशावरून? बसमध्ये झोप होत नाही, उतरून थेट पहिल्या टीवर गेलास तर हात आखडणारच. कसंही करून अर्धा तास आधी पोच, ड्रायव्हर मारत बसू नको, प्रॅक्टिस ग्रीनवर नुसते लांबचे पुट मार, वेग कळला की पुढचा तीन फुटांचा एक फुटाचा होतोय.

टिळकवाडीची_रोखपाल: जमलं तर शुक्रवारीच जावा. आणि साहेबांना आधीच सांगून ठेवा, पुटच्या वेळी बोलू नका म्हणून.

कॅम्पातला_पुटर: साहेबांना कोण सांगणार 😅 शुक्रवारी रजा मिळत नाही, शनिवारी दुपारीच कार काढतो मग. पण उजवीकडं जातोय त्याचं कोणीच सांगितलं नाही.

जुना_गडी: बॉल गेला का बघायला मान वर करत असशील, खांदा उघडतो. कपात पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत मान हलवू नको.

ग्रिपवाला: क्लॉमध्ये तो प्रॉब्लेमच येत नाही.

वडगावचा_पाहुणा: गोल्फचं मला काय कळत नाही, पण शनिवारी कार काढालाय तर एक सीट रिकामी हाय का? हुबळीला उतरतो, डिझेलचे देतो.