मांजरांची गुहा आणि न मोजता येणारी डुकरं

आयरिश कथांत प्राणी म्हटलं की हंस आणि 'टॉईन' या जुन्या वीरकथेतले दोन बैल एवढंच, हे म्हणणं मला पटत नाही. आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या रॅथक्रोहन या प्राचीन राजस्थानाजवळची ओवेनागॅट, म्हणजे 'मांजरांची गुहा', सुटूनच गेली की! शेताच्या कडेला जमिनीत एक बुटकी फट, रांगतच आत शिरावं लागतं. सुरुवातीचा भाग माणसाने रचलेला, पुढे चुनखडीतली नैसर्गिक भेग. कथेत इथून तीन मांजरं बाहेर पडून तीन वीरांवर येतात. दोघे घराच्या आढ्यावर चढून बसतात, तिसरा, म्हणजे कूखुलिन, एकटा खाली थांबतो. मांजराच्या डोक्यावर तलवार मारली तर ती खडकावरून घसरावी तशी घसरते.

मला जास्त आवडतात ती याच गुहेतून आलेली डुकरं. ती जिथून जातील तिथे सात वर्षं गवतसुद्धा उगवत नाही, आणि कोणी कितीही मोजली तरी आकडा जुळत नाही. कथांतली कॉनाख्ट प्रांताची राणी मेव्ह मोजायला जाते, एकाचा पाय धरते, तर ते कातडं तिच्या हातात सोडून पसार! जिथे ही मोजणी झाली त्या मैदानाचं 'माग मुक्रामा', म्हणजे 'डुकरं मोजण्याचं मैदान', हे नाव यावरूनच पडलं, असं कथा सांगते.

गंमत म्हणजे गुहेच्या तोंडावरच्या आडव्या दगडावर ओगम या रेघांच्या जुन्या आयरिश लिपीत 'मेव्हचा मुलगा फ्रीख याचा' अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. ही मेव्ह ती राणीच, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.