शहराच्या आरोग्य खात्याने आधी काय हाती घ्यावं?

सांख्यिक
शहरांत आरोग्याचा पैसा बहुतेक वेळा ओरड कशाची झाली त्यावर खर्च होतो. डास वाढले की गल्लोगल्ली धूरफवारणी. धुराने उडणारे डास मरतात, घरात साठवलेल्या पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. पण धूर दिसतो, लोकांचं समाधान होतं. उच्च रक्तदाब मात्र वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतो, त्यासाठी मोर्चा निघत नाही.

माझं मत : हॅन्लन पद्धतीचं, म्हणजे आरोग्याच्या समस्यांचा अग्रक्रम लावणाऱ्या सूत्राचं, गुणांकन सक्तीचं करा. समस्येची व्याप्ती अधिक गांभीर्याची दुप्पट, आणि या बेरजेला उपायाच्या परिणामकारकतेने गुणायचं. प्रत्येकाला ० ते १० गुण. व्याप्ती ८, गांभीर्य ६, पण उपायाला २ गुण, तर उत्तर ४०. व्याप्ती ६, गांभीर्य तेवढंच, उपायाला ७, तर १२६. प्रश्न नुसता मोठा असून भागत नाही, लागू पडणारा उपाय हवा.

पायवाट
पूर्ण असहमत. व्याप्तीचे गुण नोंदींवरून देणार, आणि नोंदी होतात दवाखान्यात. ज्या वस्तीतला दवाखाना लोक कामावरून परतायच्या आत बंद होतो, तिथला आजार कागदावर कमीच दिसणार. क्षयरोगाचा खोकला अंगावर काढणारा माणूस निदान होईपर्यंत मोजलाच जात नाही, तोवर घरच्यांना लागण होत राहते. शिवाय जिथे पोचणं अवघड, तिथे परिणामकारकताही कमी धरली जाणार, आणि तुम्ही नेमकं तिनेच गुणताय! म्हणजे त्याच वस्तीला दोनदा फटका.

सांख्यिक
मग अख्ख्या शहराचा एक आकडा नको, प्रभागवार गुण द्या, घरोघर पाहणी करा. सूत्र उघड असतं म्हणूनच तुम्हाला त्यातली खोट दाखवता आली. बंद खोलीतल्या निर्णयात ती सापडली असती का?

मुक्तछंद
तुम्ही दोघंही दवाखान्याच्या भिंतीआतच बोलताय. १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं गेली. ते शहर एल्बे नदीचं पाणी न गाळताच पुरवत होतं. लागून असलेलं आल्टोना त्याच नदीचं पाणी घेत होतं, तेही प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पण वाळूतून गाळून. तिथे साथ फारशी पसरली नाही. हॅम्बुर्गने गाळणी केंद्राचा खर्च वर्षानुवर्षं लांबवला होता. आजारांच्या यादीत हे काम कुठे बसवणार? हवेचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, पण धूर सोडणारी वाहनं आरोग्य खात्याच्या हातात नाहीत. पाणी, सांडपाणी आणि वाहतूक खाती या बैठकीला नसतील तर प्राधान्यक्रम अर्धाच ठरतो.

पायवाट
पटलं, पण नळ येईपर्यंत माणसांनी थांबायचं का? जिथून नोंदी सर्वांत कमी येतात तिथे आधी संध्याकाळचा दवाखाना उघडा. आकडे मागून येतील.

सांख्यिक
अशा सहा वस्त्या आहेत आणि पैसा दोनच दवाखान्यांपुरता आहे. कुठल्या दोन? गुण द्यावेच लागतील.

पायवाट
द्या. फक्त गुण देणाऱ्या समितीत निम्मी माणसं त्या वस्त्यांतली हवीत, आणि पोचायला अवघड म्हणून परिणामकारकतेचे गुण कापायचे नाहीत. एवढं लेखी द्या, माझा विरोध संपला.